सेतूची वाट : तंजावरचा किनारा, छत्रे आणि सायकल

तंजावरहून दक्षिणेकडे ओरत्तनाडू आणि पट्टुक्कोट्टै ही गावे ओलांडून पाल्कच्या सामुद्रधुनीपर्यंत जाणारा सुमारे पासष्ट किलोमीटरचा रस्ता, आणि तेथून किनारा धरून रामेश्वरच्या दिशेने निघणारी वाट, हा आज दक्षिण भारतातील सायकलस्वारांच्या आवडीचा प्रदेश आहे. चढ जवळजवळ नाही, भातशेतीच्या बांधांवरून जाणाऱ्या गावरस्त्यांवर वाहनांची वर्दळ थोडी, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतराने पाणी, सावली व जेवण मिळेल असे एखादे गाव लागतेच. यांपैकी पहिली गोष्ट निसर्गाने दिली असली, तरी शेवटच्या गोष्टीमागे मोठा इतिहास आहे. मुक्कामाची ही गावे ज्या अंतरांनी वसली व वाढली त्या अंतरांना पायी चालणाऱ्या यात्रेकरूच्या दिवसभराच्या मजलेचे माप आहे, आणि ते माप या रस्त्यावर पक्के करण्यात तंजावरच्या मराठी राजघराण्याचा वाटा फार मोठा आहे. मराठी वाचकाला तंजावर माहीत असते ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे, नाटकांमुळे, चित्रशैलीमुळे. या घराण्याने एक रस्ता घडवला आणि तोही खडी व चुन्याने नव्हे तर अन्नाने आणि निवाऱ्याने घडवला, ही हकिगत मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली आहे.

प्रथम भूमीचा विचार करावा लागतो. कावेरी तिरुचिरापल्लीच्या पुढे आल्यावर तिचे पाणी वेण्णारु, कुडमुरुट्टी, अरसलारु अशा अनेक शाखांत विभागले जाते, आणि चोळ राजा करिकालाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून समुद्रापर्यंत या शाखांचे व त्यांतून काढलेल्या कालव्यांचे जाळे पसरते. तंजावर शहर समुद्रसपाटीपासून साठ मीटरांहूनही कमी उंचीवर असल्यामुळे तेथून किनाऱ्यापर्यंत जमिनीचा उतार दर किलोमीटरला एक मीटरसुद्धा भरत नाही. अशा सखल प्रदेशात, जेथे वर्षातील काही महिने शेते पाण्याखाली असतात, कोरडी व उंच जागा म्हणजे नदीचा अथवा कालव्याचा बांध. त्यामुळे येथील जुने गावरस्ते बांधांच्या माथ्यावरून पाण्याच्या कडेकडेने वळत जातात, आणि त्यांचा वेडावाकडेपणा हा पाण्याच्या वाटणीचा नकाशाच असतो. ओरत्तनाडू व पट्टुक्कोट्टैचा भाग मात्र या जुन्या ओलिताच्या बाहेरचा, उंचवट्याचा आणि तळ्यांच्या पाण्यावर जगणारा होता. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाल्यावर कल्लणैपासून निघणाऱ्या नव्या कालव्याने तेथे कावेरीचे पाणी पोहोचले. सायकलस्वाराला आज या रस्त्यावर जे हिरवेपण अखंड वाटते त्याचा दक्षिणेकडील अर्धा भाग अशा रीतीने शंभर वर्षांचासुद्धा नाही.

किनाऱ्याचा इतिहास तर एकाच प्रदेशात अनेक सत्तांची ठाणी एकमेकांशेजारी कशी नांदली याचा आहे. उत्तरेस कावेरीच्या मुखाशी संगमकालीन बंदर पुहार अथवा कावेरीपूम्पट्टिनम्. त्याच्या दक्षिणेस तरंगंबाडी, जेथे १६२० मध्ये रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि जेथे १७०६ मध्ये आलेल्या बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग या धर्मप्रसारकाने पुढे तमिळ छपाईचे काम उभारले. त्यानंतर फ्रेंचांचे कारैक्काल आणि मग पोर्तुगीजांकडून डचांकडे व १७८१ मध्ये डचांकडून इंग्रजांकडे गेलेले नागपट्टणम्. सायकलवरून एका दिवसात सहज पार होणाऱ्या या पट्ट्यात डॅनिश, फ्रेंच व डच झेंडे एकाच वेळी फडकत होते, आणि त्या सर्वांना जमिनीसाठी तंजावरच्या गादीशी बोलणे करावे लागत होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, यांनी तंजावर ताब्यात घेतल्यानंतर हा किनारा मराठी राज्याचा पूर्व उंबरा बनला. नागपट्टणम् ते वेदारण्यम् असा दक्षिणेस गेलेला किनारा कोडिक्करैच्या टोकाशी एकदम पश्चिमेकडे वळतो. त्या वळणानंतर खुला बंगालचा उपसागर संपून पाल्कच्या सामुद्रधुनीचे उथळ व तुलनेने शांत पाणी सुरू होते, आणि रामेश्वराला जाणारी किनाऱ्याची वाट याच पाण्याच्या कडेने जाते.

रामेश्वरची यात्रा मराठी माणसाला परकी नव्हती. काशीची गंगा आणून रामेश्वराला अभिषेक करावा आणि सेतूची वाळू घेऊन पुन्हा प्रयागला अथवा काशीला जावे, म्हणजे यात्रा पुरी झाली, असा संकेत असल्याने उत्तरेकडचे, महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले असंख्य यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून जात. समर्थ रामदासांच्या परंपरेतील मठही तंजावर आणि मन्नारगुडी येथे होते, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या बैराग्यालाही या दूरच्या प्रदेशात ओळखीचे दार सापडत असे. परंतु यात्रेचा रस्ता मठांनी पुरा होत नाही. रोज चालून थकलेल्या, बहुधा अनवाणी, पुष्कळदा आजारी आणि क्वचितच जवळ पैसे असलेल्या माणसाला दिवसाच्या शेवटी शिजवलेले अन्न लागते, आणि ते अन्न देणारी संस्था म्हणजे छत्र. छत्र याचा अर्थ येथे यात्रेकरूंसाठी विनामूल्य अन्न व निवारा देणारी धर्मशाळा. तमिळ भाषेत तिला सत्तिरम् म्हणतात आणि अनेक गावांच्या नावांत हा शब्द आजही टिकून आहे. अठराव्या शतकात तंजावरच्या राजांनी सेतूच्या वाटेवर अशी छत्रे बांधली, त्यांतील बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली, आणि प्रत्येकाच्या खर्चासाठी गावे व जमिनी लावून दिल्या. नीडामंगलम् येथील यमुनांबाळ छत्र हे यांपैकी एक. यमुनाबाई या मराठी नावाला आदरार्थी तमिळ प्रत्यय लागून ते यमुनांबाळ झाले. किनाऱ्यावरील सेतुबावाछत्रम् या गावाचे नाव समर्थ परंपरेतील सेतुबावा या सत्पुरुषाशी जोडले जाते.

छत्रांत नेमके काय चाले, याचे सर्वात मोलाचे वर्णन दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०१ साली तंजावरचा इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला लिहिलेल्या पत्रात आहे. या पत्राची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला आणि त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, ठराविक वार्षिक रक्कम व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य गेले तेव्हा छत्रांना लावून दिलेल्या गावांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला, आणि ती गावे व त्यांचा कारभार आपल्याकडेच राहू द्यावा, असे मागणे मागताना राजाने पूर्वजांनी उभारलेल्या या संस्थेचा तपशील मांडला. त्यानुसार, ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत सर्वांना तेथे शिजलेला भात मिळे. जे शिजवलेले अन्न घेऊ शकत नसत त्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे का, याची शेवटची विचारणा होई. छत्रात वेद शिकवणारे अध्यापक असत, मुलांसाठी पंतोजी असे, आजार, सूज व सर्पविष यांवर उपचार करणारा वैद्य असे. वाटेत आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाई, अनाथ मुलांना सांभाळून शिक्षण दिले जाई, गर्भवतीची विशेष काळजी घेतली जाई आणि जो तेथेच मरण पावे त्याचे अंत्यविधी त्याच्या जातिधर्माप्रमाणे केले जात.

जातीनुसार पंक्ती वेगळ्या असणार, हे त्या काळात गृहीतच होते आणि पत्रातील औदार्याकडे पाहताना ते विसरता येत नाही. तरीही या वर्णनाचे महत्त्व कमी होत नाही, कारण रस्त्यावरच्या माणसाला कोणकोणत्या गोष्टी लागतात याचा इतका बारीक विचार त्यात आहे की आधुनिक काळातील कोणत्याही महामार्ग योजनेने तो आदर्श म्हणून समोर ठेवावा. अन्न, औषध, शिक्षण, मातृत्व आणि मृत्यू या सर्वांची तजवीज एका छपराखाली होती, आणि तिची साखळी एका मजलेच्या अंतराने समुद्रापर्यंत पसरलेली होती. सरफोजींच्या मागणीला कंपनीने मान्यता दिली, छत्रे राजाच्या देखरेखीखाली राहिली, आणि राज्य नसलेल्या राजाच्या हाती रयतेशी थेट संबंध राखणारे एक मोठे साधन शिल्लक राहिले.

या दृष्टीने १८०१ ते १८०३ ही तीन वर्षे एकत्र पाहिली पाहिजेत. १८०१ मध्ये हे पत्र लिहिले गेले. १८०२ मध्ये सरफोजींनी आपल्या प्रिय पात्राच्या, मुक्तांबेच्या, नावाने ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. आणि १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवला. सत्ता हातातून गेल्यावर चारच वर्षांत एका राजाने आपल्या वंशाची ओळख दोन ठिकाणी स्थिर केली, एक मंदिराच्या दगडात आणि दुसरी यात्रेकरूंच्या वाटेवर. ओरत्तनाडूचे छत्र या साखळीतील सर्वात भव्य वास्तूंपैकी एक आहे; प्रशस्त चौक, लाकडी खांबांचे सोपे आणि हत्ती-घोड्यांनी ओढलेल्या रथाचा आकार दिलेला भाग ही त्याची लक्षणे. मुक्तांबेने स्वप्नात येऊन छत्र बांधण्याची विनंती केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. येथे अन्नदानाच्या जोडीला मोफत शिक्षणही दिले जाई. तंजावरहून पायी निघालेल्या माणसाला हे गाव पहिल्या मुक्कामाला सापडते. सायकलने तेच अंतर दीड तासाचे असते, आणि पहाटे निघालेला स्वार येथे न्याहारीला थांबतो, तेव्हा तो नकळत १८०२ च्या अंतराचाच उपयोग करीत असतो.

सरफोजी स्वतःही मोठे प्रवासी होते. १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार लोकांचा लवाजमा घेऊन त्यांनी काशीयात्रा केली, आणि अशा प्रवासात मुक्कामाची जागा, पाणी व शिधा यांचे महत्त्व काय असते, हे त्यांनी वाटेवर अनुभवले असणार.

ओरत्तनाडूनंतर पट्टुक्कोट्टै आणि त्यापुढे सुमारे वीस किलोमीटरांवर सरबेंद्रराजपट्टिनम् येथे समुद्रकाठी एक षट्कोनी, आठ मजल्यांचा बुरूज उभा आहे. मिनार या शब्दावरून त्याला स्थानिक लोक मनोरा म्हणतात. इंग्रजांनी नेपोलियन बोनापार्टवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजींनी तो १८१४-१५ च्या सुमारास बांधला, आणि मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू व इंग्रजी अशा अनेक भाषांतील शिलालेख त्यावर बसवले. युरोपातील युद्धाचे हे स्मारक तंजावरच्या निर्जन किनाऱ्यावर का, याचे उत्तर त्या काळच्या राजकारणात शोधावे लागते: ज्याचे उत्पन्न कंपनीच्या तिजोरीतून येत होते अशा राजाला आपली निष्ठा जाहीरपणे दाखवणे भाग होते. परंतु हा मनोरा सेतूच्या वाटेवरच उभा आहे, त्याच्याभोवती तटबंदी व राहण्याच्या जागा आहेत, आणि समुद्रावरील नावांना तो दिशादर्शक होता असेही सांगितले जाते. निष्ठेच्या स्मारकालासुद्धा या राजाने मुक्कामाचे रूप दिले, हे त्याच्या स्वभावाशी सुसंगतच वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या वास्तूचे नुकसान झाले व त्यानंतर तिची दुरुस्ती करण्यात आली.

छत्रांच्या खर्चाचा एक स्रोत आज आश्चर्यकारक वाटेल. मुत्तुपेट्टै व अदिरामपट्टिनम् यांच्या दरम्यान, जेथे कावेरीच्या लहान शाखा खाडीत मिसळतात, तेथे खारफुटीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या वृक्षांचे, विस्तीर्ण वन आहे. एकोणिसाव्या शतकात हे वन छत्र खात्याच्या ताब्यात होते आणि तेथील लाकडाच्या विक्रीचे उत्पन्न छत्रांच्या निगराणीसाठी वापरले जाई. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज पुत्राविना मरण पावल्यावर तंजावरचे राज्य नावापुरतेही उरले नाही, आणि छत्रे सरकारी यंत्रणेकडे गेली. अन्नदान हळूहळू आटले व मालमत्तेचे उत्पन्न शाळा आणि वसतिगृहांकडे वळले. त्याच काळात प्रवासाचे साधनही बदलत होते. १८६१ मध्ये नागपट्टणम् ते तंजावर आगगाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती तिरुचिरापल्लीला पोहोचली. तंजावरच्या जिल्हा बोर्डाने कर उभारून स्वतःचा लोहमार्ग बांधला, जो १८९४ मध्ये मायावरम्‌हून मुत्तुपेट्टैपर्यंत आणि नंतर पट्टुक्कोट्टैमार्गे अरंतांगीकडे गेला. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वे पूल खुला झाल्यावर यात्रेकरू थेट रामेश्वरच्या बेटावर गाडीने उतरू लागले, आणि सेतूची पायवाट यात्रेचा रस्ता म्हणून संपली. किनाऱ्याचे व बांधांचे हे रस्ते मग गावकऱ्यांचे उरले. आज त्यांच्यावर जी शांतता आहे तिचे एक कारण हे स्थलांतर आहे.

या प्रदेशात वाटसरूला जेवू घालणे ही किती खोल रुजलेली रीत होती, याची परीक्षा १९३० मध्ये झाली. दांडीयात्रेनंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी सुमारे शंभर सत्याग्रहींसह १३ एप्रिल १९३० रोजी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यम्‌कडे प्रस्थान ठेवले. सुमारे २४० किलोमीटरांची ही पदयात्रा तंजावर, कुंभकोणम्, मन्नारगुडी, तिरुत्तुरैपूंडी अशी कावेरीच्या खोऱ्यातून गेली. तंजावरचा कलेक्टर जे. ए. थॉर्न याने जाहीर केले की, जो कोणी या लोकांना अन्न अथवा आसरा देईल त्याला कैद व दंड होईल. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखाच्या राजाने मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी नाही ना, याची खात्री करण्याची रीत अभिमानाने सांगितली होती. आता वाटसरूला भात देणे हा गुन्हा ठरला. लोकांनी मार्ग काढला. अन्नाची गाठोडी रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवली गेली, आणि दाता अनामिक राहून सत्याग्रहींचे जेवण होत राहिले. २८ एप्रिलला ही यात्रा वेदारण्यम्‌ला पोहोचली आणि ३० एप्रिलला अगस्त्यम्पळ्ळी येथे मीठ उचलून कायदा मोडण्यात आला. सत्याग्रहाच्या इतिहासात वेदारण्यम्‌ची नोंद दांडीच्या मागोमाग घेतली जाते. परंतु रस्त्याच्या इतिहासात ती छत्रांच्या परंपरेचा सर्वात उज्ज्वल प्रसंग म्हणून घेतली पाहिजे, कारण येथे राजा नव्हता, लावून दिलेली गावे नव्हती, शिक्षेची भीती होती आणि तरीही अन्न वाटेवर पोहोचले.

सायकल या रस्त्यांवर आली ती प्रथम विलायती व महाग वस्तू म्हणून. ती सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यात येण्यास देशी उत्पादनाची वाट पाहावी लागली, आणि तमिळ प्रदेशाच्या बाबतीत १९४९ मध्ये मद्रासजवळ मुरुगप्पा उद्योगसमूहाने ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने सुरू केलेला टीआय सायकल्सचा कारखाना हा महत्त्वाचा टप्पा ठरला. सपाट भूमीवर एकाच दातेरी चक्राची, गिअर नसलेली, जड लोखंडी सायकलसुद्धा दिवसभर चालवता येते. कावेरीचे खोरे या यंत्राला जणू नेमके मानवले. टपाल, दूध, भाजी आणि किनाऱ्यावरची ताजी मासळी आतल्या गावांत पोहोचवण्यासाठी बांधांवरच्या अरुंद वाटा बैलगाडीपेक्षा सायकलला अधिक सोयीच्या होत्या, आणि तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने प्रत्येक लहान पेठेत दिसू लागली.

परंतु या वाटांवर सायकलने घडवलेला सर्वात मोठा बदल तंजावरला लागून असलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात झाला; या जिल्ह्याचा अरंतांगीकडचा किनारी भाग १९७४ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होता. १९९१ मध्ये तेथे अरिवोळी इयक्कम्, म्हणजे ज्ञानाच्या प्रकाशाची चळवळ, या नावाने प्रौढ साक्षरतेचे आंदोलन सुरू झाले, आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या जोडीला स्त्रियांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कार्यकर्तीला गावोगाव जाता आले पाहिजे, ही सुरुवातीची गरज होती. पण पाहता पाहता शेतमजूर स्त्रिया, खाणीतील मजुरणी, अंगणवाडी सेविका व शिक्षिका मिळून एक लाखाहून अधिक स्त्रिया सायकल चालवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीवर लिहिलेल्या वृत्तांतामुळे ती देशभर माहीत झाली. त्यांनी टिपलेला एक तपशील विशेष आहे: अनेक स्त्रियांनी पुरुषांची सायकल पसंत केली, कारण तिच्या आडव्या दांड्यावर मूल बसवता येत होते. पाणी आणणे, बाजार करणे आणि मुलाला दवाखान्यात नेणे या कामांसाठी बसची किंवा घरातील पुरुषाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. सेतूच्या वाटेवरची छत्रे राजस्त्रियांच्या नावांची होती, पण त्या वाटांवरून स्वतःच्या मर्जीने एकटीने जाण्याचे स्वातंत्र्य सामान्य स्त्रीला मिळण्यासाठी विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. पुढे राज्य सरकारने २००१-०२ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींना विनामूल्य सायकली देण्याची योजना सुरू केली आणि काही वर्षांत तिचा विस्तार सरकारी व अनुदानित शाळांतील इतर विद्यार्थ्यांपर्यंत झाला.

हौशी व दूरपल्ल्याच्या सायकलस्वारीची लाट त्यानंतरची आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेल्या ब्रेव्हे या प्रकारात स्पर्धा नसते. २००, ३००, ४०० अथवा ६०० किलोमीटरांचे अंतर ठराविक मुदतीत, बाहेरील मदतीशिवाय पुरे करायचे असते, आणि वाटेतील नियंत्रण-ठाण्यांवर नोंद करायची असते. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास व ६०० किलोमीटरांसाठी चाळीस तास अशी मुदत असते. भारतात गेल्या दोन दशकांत हा प्रकार चांगलाच पसरला आहे. ठाण्यांमागून ठाणी गाठत, अन्न व झोप यांचा हिशोब राखत जाण्याची ही रीत यात्रेकरूच्या मजल-दरमजल प्रवासाच्या फार जवळची आहे, आणि त्यामुळे या किनाऱ्याचा अभ्यास करून आखलेला मार्ग कोणत्याही नव्या महामार्गाहून अधिक अर्थपूर्ण होईल.

त्यासाठी पूर्व किनारपट्टीचा मोठा रस्ता टाळून आतले रस्ते धरावेत. या रस्त्यांवरची सावली मात्र पूर्वीची राहिलेली नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यम्‌जवळ किनाऱ्याला धडकलेल्या गाजा चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी परिसरातील नारळबागा मोठ्या प्रमाणावर उन्मळून टाकल्या, आणि नारळाचे झाड पुन्हा फळाला येण्यास लागणारी वर्षे शेतकऱ्यांना काढावी लागली. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ वादळांचा असल्याने त्या महिन्यांत किनाऱ्यावरचा प्रवास बेभरवशाचा असतो. जानेवारी व फेब्रुवारीत हवा कोरडी, सकाळ थंड आणि कापणीच्या वेळी शेते सोनेरी असतात, तेव्हा हा मार्ग सर्वात चांगला.

ओरत्तनाडूच्या छत्रात अन्नदान बंद पडल्यानंतरही दीर्घकाळ शाळा आणि विद्यार्थी वसतिगृह चालत आले, म्हणजे मूळ संस्थेच्या अनेक कामांपैकी शिक्षणाचे काम तेथे टिकले. तंजावरच्या छत्रांची मालमत्ता आजही जिल्हा प्रशासनाच्या स्वतंत्र विभागाकडे आहे. बऱ्याच वास्तूंचे लाकूडकाम कुजले आहे, काहींत झाडे उगवली आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी लिपीच्या हजारो कागदांत या संस्थांच्या धान्याचे, नोकरांचे आणि खर्चाचे हिशोब आहेत, आणि मराठी जाणणाऱ्या संशोधकांनी ते वाचल्याशिवाय सेतूच्या वाटेचा पुरा इतिहास लिहिला जाणार नाही. कोणत्या छत्रात रोज किती शेर तांदूळ शिजे, वैद्याला काय वेतन होते, उन्हाळ्यात ताकासाठी किती गाई राखल्या जात, असे प्रश्न त्या कागदांपुढे मांडावे लागतील, आणि त्यांची उत्तरे मिळाली की नीडामंगलम्‌पासून मनोऱ्यापर्यंतच्या प्रत्येक मुक्कामाचा नकाशा वर्षवार काढता येईल.